कोकरे पुढे होते

महादेव कोकरे सरळ उभे राहायचे. माणसाची ओळख करून द्यायची ही काही रीत नव्हे. पण आखातातल्या अल ऐनमध्ये बसची वाट बघणाऱ्या शंभर माणसांतून कोकरे ओळखायचे तर तीच एक खूण होती. बाकीचे कुणी खांबाला टेकलेले, कुणी उकिडवे बसलेले, आणि कोकरे उजवा हात छातीसमोर धरून ताठ उभे.

त्याचं कारण त्यांच्या कामात होतं. जमिनीची मोजणी करताना लाल-पांढऱ्या आकड्यांची उंच पट्टी धरून एक माणूस उभा असतो, त्याला चेनमन म्हणतात. लांबून सर्व्हेअर दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचतो. पट्टी कलली की आकडा चुकतो आणि आकडा चुकला की नकाशा चुकतो. कोकरेंनी अठरा वर्षं ती पट्टी धरली. शेवटी शेवटी पट्टी हातात नसली तरी हात तिला विसरत नसे.

मी त्याच कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे कोकरे जेबेल हफीतच्या उन्हात उभे राहत आणि मी एसीत बसून तो डोंगर कागदावर काढत असे. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण मी उंट आणि शेळ्या दोन्ही असलेल्या देशात जगलो. फक्त उंटाच्या जागी फिरती खुर्ची होती.

कोकरे पाटणच्या वरच्या डोंगरातल्या एका धनगरवाडीचे. पंधरा-वीस घरं, आणि एसटी जिथवर येते तिथून पुढे दोन तास चढ. इथे ते कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत आठ जणांबरोबर राहत. शुक्रवारी सुट्टी असली की खोलीतले बाकीचे झोपायचे, कपडे धुवायचे, गावी पत्र लिहायचे. कोकरे डोंगरावर जायचे. आठवडाभर पगारासाठी चढलेला डोंगर माणूस सुट्टीच्या दिवशी फुकट कशाला चढेल, हे मला कळायचं नाही. विचारलं तर म्हणाले, "सायेब, आठवडाभर मी पट्टीसाठी चढतो. शुक्रवारी माझ्यासाठी."

त्यांना पावलं मोजायची सवय होती. कॅम्पच्या फाटकापासून मशिदीपर्यंत नऊशे साठ. ऑफिसच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत एकवीस. "तुमी आलात की तेवीस हुत्यात," ते म्हणाले होते, "तुमची पावलं आखूड हायती."

आता या डोंगराबद्दल थोडं सांगायला हवं. आपला सह्याद्री काळ्या दगडाचा. हा चुनखडीचा. लांबून गुळगुळीत, पिवळट, गरीब दिसतो. जवळ गेलं की कळतं, पाण्याने कुरतडून कुरतडून त्याची खोबऱ्याची किसणी झालेली आहे. हात टेकावा तर तळवा सोलतो. मध्येच भोकं, कपारी, आत कुठे गुहा. कोकरे चालताना काठीने दगडावर टकटक करायचे. भरीव आवाज आला तर पाय, पोकळ आला तर वळसा. "ह्यो दगड पानी पितो सायेब, पर पोटात ठिवत न्हाई," ते म्हणायचे. आणि दुसरं त्यांचं वाक्य, "दगडाची वळख झाल्याबिगर त्याच्यावर भार टाकू नये." हे ते दगडाबद्दलच बोलत, मला टोमणा म्हणून नव्हे. तो मी मागाहून स्वतःला मारून घेतला.

चढताना ते सावकाश चढत. उतरताना मात्र पळत. पन्नाशीला आलेला, टायरच्या तळाच्या वहाणा घातलेला माणूस त्या किसणीवरून असा उतरायचा, की पाय दगडाला लागतोय की नुसता विचारून पुढे जातोय ते समजू नये. मी पहिल्यांदा उतरलो तो बसून. नव्या कोऱ्या ट्रेकिंगच्या पँटीचा मागचा भाग मी त्या डोंगराला कायमचा देऊन आलो. खाली उभे राहून कोकरे गंभीरपणे म्हणाले, "सायेब, बूड हा तिसरा पाय न्हवं." माझी दहा वर्षांची मुलगी सई म्हणाली, "बाबा, यू आर नॉट वॉकिंग. यू आर सिटिंग डाउन द माउंटन." बायकोने, नीलिमाने, ओढणी दिली. मी ती कमरेला गुंडाळून घरी गेलो.

पण मी त्या डोंगरावर गेलोच कसा? बढाईमुळे. आमच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणीतरी किल्ल्यांचा विषय काढला आणि माझ्यात कॉलेजचे दिवस संचारले. मी असे काही किल्ले चढलो, अशा काही रात्री कड्यांवर काढल्या, की बायका तिळगूळ वाटायच्या थांबल्या. खरं म्हणजे मी आयुष्यात एकच किल्ला चढलो होतो आणि तोही अर्धा. उरलेला अर्धा वेळ मी आंब्याखाली सगळ्यांच्या पिशव्या राखत बसलो होतो. मंडळाचे अध्यक्ष सानेभाऊ, डाळी-पिठांचा मोठा व्यापार असलेले गृहस्थ, टाळी वाजवून म्हणाले, "अरे वा! मग दिघे, दर शुक्रवारी फॅमिलीजना घेऊन जेबेलला चला. तुम्ही आमचे लीडर. खलास, ठरलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोकरेंसमोर उभा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी तुम्ही पुढारी आन् मी पुढं," ते म्हणाले. याहून नेमकी वाटणी मी आजवर ऐकलेली नाही.

दोन हिवाळे ती चालली. आठ-दहा माणसं, डबे, थर्मास. मुलं त्यांना कोकरेमामा म्हणू लागली. काठीची टकटक, भरीव-पोकळ, हा मुलांचा खेळ झाला. ते त्यांना गूळ-शेंगदाणे द्यायचे आणि माथ्यावर पोचलं की पावलं विचारायचे. ज्याचा आकडा त्यांच्या आकड्याजवळ येईल त्याला जास्त गूळ. कॅम्पात ते एका बाजेचे धनी होते, ऑफिसात हजेरीपटावरचा एक नंबर. शुक्रवारी सकाळी मात्र पोरं गाडीतून उतरून "मामा!" म्हणत त्यांच्याकडे पळत, तेव्हा तो ताठ माणूस किंचित वाकायचा. त्यांचीही दोन मुलं होती. ती त्यांनी अठरा वर्षांत मोजून नऊ वेळा पाहिली.

याच दिवसांत त्यांनी मला वाडीची गोष्ट सांगितली. ते नवे नवे आले तेव्हाची. पठाण ड्रायव्हरने सकाळी डोंगराच्या तोंडाशी सोडलं आणि सांगितलं, "वादी में जाओ, उधर साहब मिलेगा." अरबीत वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, दगडगोट्यांची घळ. कोकरेंना काय माहीत? "मी म्हटलं, वाडी. हितं बी वाडी हाय, बरं झालं. चालाय लागलो. दोन्ही अंगाला कडं, खाली वाळू. म्हटलं आत्ता यील, मग यील. कुत्रं न्हाई, कोंबडं न्हाई. मला आपल्या डोळ्याम्होरं चुली दिसत हुत्या, सायेब. धूर दिसत हुता. चौदा हजार पावलं मोजली. सर्व्हेअर गावला तवा शिव्या देत म्हनला, गधे, सुबह से वादी में ही तो घूम रहा है!"

मी पोट धरून हसलो. हसून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ती गोष्ट मंडळात त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगू लागलो. 'चुली दिसत हुत्या' या वाक्याला हमखास हशा यायचा. मंडळात अरबी जाणणारा म्हणून माझी ख्याती होती. मला यल्ला, खलास, इन्शाल्ला, हबीबी, शुक्रन आणि वादी एवढे सहा शब्द येत. वासरात लंगडी गाय शहाणी.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी कोकरे सोडून आम्ही दहा जण होतो. आभाळ आमच्यावर मोकळं होतं, फक्त दूर माथ्याच्या पलीकडे काळं झालं होतं. कोकरे बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले. मग मला एका बाजूला घेऊन, बायकामुलं घाबरू नयेत म्हणून हळू आवाजात म्हणाले, "सायेब, पाऊस तिकडं पडतो आन् पानी हिकडं येतं. आज वादीत उतरायचं न्हाई. वरच्या वाटंनं परत जाऊ. मी पुढं जाऊन वाट बगून येतो, तवर हितनं हलू नगा."

आम्ही डोंगराच्या एका सोंडेवर बसलो. खाली पुरुषभर खोल ती घळ, स्वच्छ, वाळूची, वर छज्ज्यासारखा खडक. वारा सुटला. थेंब आले. सानेवहिनींना हुडहुडी भरली. तेवढ्यात समोरच्या उतारावर शेळ्या राखणारा एक सुदानी म्हातारा दिसला. तो डोक्याचं फडकं सोडून हलवत होता आणि आमच्याकडे बघून जीव तोडून ओरडत होता, "वादी जाय! वादी जाय!"

माझ्यातला अरबी पंडित जागा झाला. वादी म्हणजे घळ. जाय म्हणजे जा. इथले सगळेच थोडंफार हिंदी बोलतात. इथला माणूस सांगतोय, की पावसापासून बचाव करायचा तर खाली घळीत जा, छज्ज्याखाली. कोकरे काय, बिचारे जुन्या वळणाचे. मी उठलो. "चला, खाली चला!"

"पण कोकरेमामांना विचारलंय का?" सानेवहिनी म्हणाल्या.

आता इथे मला जे म्हणायला हवं होतं ते 'नाही' होतं. पण मग कुणी उठलं नसतं. दोन वर्षांत मंडळाला एवढं नक्की कळलं होतं, की डोंगरावर कुणाचं ऐकायचं. पुढारी मी असलो तरी माझ्या शब्दावर एक थर्मासही हलला नसता. म्हणून मी म्हणालो, "हो हो, तेच सांगून गेलेत. पाऊस आला तर खाली थांबा म्हणून."

सगळे उतरले. मी बसून उतरलो. डबे उघडले. मी सईला म्हणालोसुद्धा, "बघ, कशी छान जागा."

मग वरून दगड घरंगळले आणि कोकरे येताना दिसले. ते पळत होते हे म्हणणं अपुरं आहे. ना काठी, ना टकटक. ज्या दगडांची ओळख नव्हती त्यांच्यावरही ते भार टाकत होते. "वर! वर! वर!" एवढा एकच शब्द. त्यांनी आधी मुलं उचलून कपारीत वर दिली, मग बायका, मग पुरुष. सर्वांत शेवटी मी, कारण मी थर्मासचं झाकण शोधत होतो. त्यांनी माझा पट्टा धरून मला ओढलं आणि त्या ओढण्यात त्यांचा गुडघा खडकाच्या धारेवर आपटला. तो आवाज मी ऐकला. लगेच दुसरा आवाज आला, लांबून, ट्रकमधून खडी ओतावी तसा. आमच्या पायाखालून तपकिरी पाणी दगडांसकट गेलं. डबे, थर्मास, सानेवहिनींच्या चपला, सगळं घेऊन गेलं.

कोकरे रक्ताळलेल्या पायावर सरळ उभे राहिले आणि बोटाने एकेकाला मोजू लागले. तीनदा मोजलं. "धा," ते म्हणाले, "समदी हायती." आणि खाली बसले.

'जाय' म्हणजे अरबीत 'येतोय'. वादी येतेय. पूर येतोय. हे मला सोमवारी आमच्या ऑफिसातल्या सुदानी टायपिस्टकडून कळलं. मी त्याला शुक्रन म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ उभा राहिलो. ज्या माणसाच्या चुलींवर मी दोन वर्षं टाळ्या घेतल्या, त्याला निदान वाळवंटात नुसतं चालावं लागलं होतं. मी नऊ माणसांना वाडी दाखवायला नेलं होतं, आणि त्यांतली एक माझी पोर.

पुढच्या शुक्रवारी सानेभाऊंच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. कोकरे गुडघ्याला पट्टी बांधून दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसले होते. मुलं खाली सतरंजीवर होती. सानेभाऊ चांगला माणूस. पण बायको-मुलं मरता मरता वाचली होती. "मला ब्लेम करायचं नाही कुणाला," ते म्हणाले, "पण मुलं होती हो बरोबर. दिघे, कोकरेंनीच खाली थांबायला सांगितलं होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सईसुद्धा.

"कोकरे पुढे होते," मी म्हणालो.

वाक्य शंभर टक्के खरं होतं. इतकं खरं आणि इतकं नीच वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही. कोकरेंनी माझ्याकडे पाहिलं, मग सतरंजीकडे, मग म्हणाले, "व्हय. मी पुढं हुतो."

शुक्रवार बंद झाले. चेनमनच्या भरवशावर फॅमिलीज नेणं बरं नाही असं ठरलं, आणि मूग गिळून बसलेल्या माणसांच्या यादीत माझं नाव पहिलं. नीलिमाने म्हाताऱ्याचं ओरडणं ऐकलं होतं. तिने मला काही विचारलं नाही, फक्त तीन दिवस न बोलता वाढलं. सई दर शुक्रवारी विचारायची, "व्हाय इज मामा नॉट कमिंग?" मी म्हणायचो, त्यांचा पाय दुखतोय. तेही खरंच होतं. अशी खरी वाक्यं मला पुष्कळ सुचू लागली होती.

ऑफिसात कोकरे भेटायचे. "राम राम, सायेब." ना कमी, ना जास्त. शुक्रवारी ते एकटे जात, आता लंगडत. आणि मी त्यांनी आणलेल्या आकड्यांवरून नकाशे काढायचो. प्रत्येक नकाशावर चार-पाच ठिकाणी सुबक अक्षरांत लिहावं लागे, वादी, वादी, वादी. शाळेत चुकलेला शब्द शंभरदा लिहायला लावत, तशी ती शिक्षा तीन वर्षं चालली.

मग नवी यंत्रं आली. उपग्रहाकडून आकडे घेणारी, एकट्या माणसाला पाठीवर नेता येणारी. पट्टी धरायला कुणी नको. कोकरेंना गणपतीनंतर गावी पाठवायचं ठरलं. हे कळलं त्या दुपारी मी त्यांना प्रिंटरूममध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हातारा काय ओरडला, मी काय ऐकलं, लोकांना त्यांचं नाव सांगून कसं उतरवलं.

ते ऐकत होते. 'वादी जाय'पाशी त्यांचे खांदे हलायला लागले. "म्हंजी तुम्हाला बी चुली दिसल्या व्हय!" म्हणून ते हसत सुटले, डोळे पुसू लागले. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"पण त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात?" मी विचारलं.

त्यांचं हसू थांबलं. "तुमची पोरगी म्होरं बसली हुती, सायेब. तिच्यासमोर तिच्या बापाला खोटं कसं पाडू?"

गणपतीच्या कार्यक्रमात मी माईक घेतला. या वेळी सगळं सांगायचंच होतं. पण जित्याची खोड. मी उभा राहिलो की लोक आधीच हसायच्या तयारीत असतात, आणि समोर हसरे चेहरे दिसले की माझी जीभ आपोआप रंगात येते. मी सहा शब्दांचं अरबी सांगितलं, हशा. 'वादी जाय' सांगितलं, प्रचंड हशा. "मी खोटं बोललो, कोकरेंचा काही दोष नव्हता," हे सांगितलं, टाळ्या. "दिघे काय स्वतःवर विनोद करतात!" असं दोघा-तिघांनी पाठ थोपटून सांगितलं. लोकांना वाटलं, कोकरे निघालेत म्हणून मी मोठ्या मनाने ते पाप अंगावर घेतोय. माझी कबुली माझ्याच विनोदात वाहून गेली, सानेवहिनींच्या चपलांसारखी. मागे प्रसादाच्या पातेल्याशी कोकरे उभे होते. ते हसत नव्हते. माझी कीव आल्यासारखे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सानेभाऊंच्या दुकानात गेलो. पिठाच्या पोत्यांमध्ये उभा राहून, एकही विनोद न करता, चार वाक्यं बोललो. कोकरेंनी वादीत उतरू नका म्हणून सांगितलं होतं. मी उतरवलं. त्यांचं नाव मी खोटं सांगितलं. मीटिंगमध्येही मी लपवलं. सानेभाऊ म्हणाले, "तीन वर्षं, दिघे?" मी मान हलवली. त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि ते योग्यच होतं.

त्या शुक्रवारी, कोकरेंच्या शेवटच्या शुक्रवारी, ऊन तापायच्या आत डोंगराच्या पायथ्याशी सात गाड्या उभ्या होत्या. कोकरे कॅम्पच्या पिकअपमधून उतरले आणि थबकले. सानेभाऊ पुढे झाले. डोंगर चढायला त्यांनी दुकानातल्याच चामडी चपला घातल्या होत्या. हात जोडून ते एवढंच म्हणाले, "कोकरे, माझी चूक झाली. आज तुम्ही पुढे व्हा." मुलं आता मोठी झाली होती, पळत गेली नाहीत. पण सईने खाली वाकून एक दगड काठीने वाजवला आणि मराठीत म्हणाली, "भरीव आहे, मामा." कोकरेंनी मान दुसरीकडे वळवली.

ते पुढे, आम्ही मागे. उतरताना त्यांनी तो दुखरा गुडघा सांभाळून का होईना, पण पळून दाखवलं. मुलं त्यांच्या मागे पळाली. मी सर्वांत शेवटी, तिसऱ्या पायाची मदत घेत. ते पायथ्याशी पोचले तेव्हा मी अजून अर्ध्यावर होतो. पिकअपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता; कोकरेंना सामान बांधायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. ते गाडीशी गेले, दार उघडलं, मग मागे वळून माझ्याकडे बघत तोंडाशी हात धरून ओरडले, "वाडी जाय, सायेब! वाडी जाय!"

मी ताडकन उठलो आणि जीव घेऊन वरच्या दिशेने चढू लागलो. दहा-बारा पावलं चढलो असेन. खाली हशा पिकला तेव्हा थांबलो, वळून पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. घळ कोरडी होती. आणि कोकरे पिकअपमध्ये चढत होते, आपल्या वाडीला जायला. तिथे चुली होत्या.